घन सोडियम सेलचे इलेक्ट्रोड: निवड, मिश्रण आणि दाब

द्रव इलेक्ट्रोलाइटमध्ये छान चालणारा कॅथोड घन सेलमध्ये (ज्या बॅटरीत इलेक्ट्रोलाइटही घन असतो) टाकला आणि पहिल्याच चार्जला निम्मी क्षमताही मिळाली नाही, ही तक्रार नेहमीची आहे. बहुतेक वेळा खोट कॅथोडच्या पावडरीत नसते. द्रव प्रत्येक फटीत शिरून कणाला चहूबाजूंनी भिजवतो. घन इलेक्ट्रोलाइट मात्र जिथे दाबून बसवला तिथेच बसतो, आणि जिथे दोन कण टेकतात तेवढ्याच जागेतून सोडियम आयन जातात. शिवाय टेकलेल्या जागी दोघांचं रासायनिक पटलं नाही तर तिथे न वाहणारा थर तयार होतो. म्हणून इलेक्ट्रोड एकटा निवडायचा नसतो. शेजारी कोणता इलेक्ट्रोलाइट येणार हे ठरवून, जोडीनेच निवडायचा.

इथे १० मिमी व्यासाचा दाबलेला चाचणी सेल गृहीत धरला आहे. आर्गॉनचा ग्लोव्हबॉक्स (पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही १ पीपीएमच्या खाली), बॉल मिल, ट्यूब फर्नेस, हायड्रॉलिक प्रेस आणि इम्पिडन्स (उलटसुलट प्रवाहाला होणारा सेलचा रोध) मोजण्याची सोय असेल तर हे सगळं करता येतं. ग्लोव्हबॉक्स नसेल तर या वाटेला जाऊ नका. इथे इलेक्ट्रोलाइट म्हणून वापरायच्या सोडियम थायोफॉस्फेटला दमट हवा लागली की हायड्रोजन सल्फाइड निघतो. हा वायू विषारी आहे, आणि जास्त प्रमाणात असला की नाक बधिर होऊन वास येणंच थांबतं. वास येत नाही म्हणजे धोका नाही, असं कधीही समजू नका.

निवडीआधीचे तीन प्रश्न

पहिला प्रश्न व्होल्टेजचा. सोडियम थायोफॉस्फेट हा सल्फाइड इलेक्ट्रोलाइट मऊ आहे, थंड दाबानेच घट्ट बसतो आणि त्याच्या घनीय (क्यूबिक स्फटिकाच्या) रूपाची वाहकता ०.२ मिलीसीमेन्स प्रति सेंमीच्या आसपास मिळते. पण सोडियमच्या तुलनेत सुमारे २.५ व्होल्टच्या वर तो ऑक्सिडाइझ होऊ लागतो. ३ व्होल्टचा कॅथोड थेट त्यात मिसळला तर चार्जिंगचा काही भाग इलेक्ट्रोलाइट जाळण्यातच खर्च होतो, आणि वीज वाहायला मिसळलेला कार्बन जितका बारीक तितकं हे वेगाने घडतं. क्लोराईड इलेक्ट्रोलाइट जास्त व्होल्टेज सोसतात, पण सोडियम धातू किंवा त्याच्या मिश्रधातूला टेकले की त्यांचं क्षपण होतं, म्हणजे धातूकडून इलेक्ट्रॉन घेऊन ते मोडतात. यावरचा सरळ उपाय म्हणजे कॅथोडच्या मिश्रणात क्लोराईड वापरायचा आणि कॅथोड-ॲनोडच्या मधल्या थरात सल्फाइड.

दुसरा प्रश्न फार जण विचारत नाहीत: सेल बांधताना सोडियम कुठे आहे? सोडियम क्रोमाईट, सोडियम व्हॅनेडियम फॉस्फेट यांसारख्या कॅथोडमध्ये सोडियम आधीच भरलेला असतो, त्यामुळे सेलची सुरुवात चार्जने होते आणि ॲनोडमध्ये तो मावायला जागा लागते. टायटॅनियम डायसल्फाइडमध्ये सोडियम नसतो. तिथे सुरुवात डिस्चार्जने होते आणि ॲनोडमध्ये सोडियम भरलेला हवा. टिनच्या एका अणूमागे सोडियमचे ३.७५ अणू असलेला मिश्रधातू पूर्ण भरलेला असतो. तो सोडियम क्रोमाईटसमोर लावला तर येणाऱ्या सोडियमला मिश्रधातूत शिरायला वाव नाही, मग धातूचा थर साचतो आणि शेवटी शॉर्ट होतो. याच मिश्रधातूची टायटॅनियम डायसल्फाइडशी जोडी मात्र उत्तम जमते.

तिसरा प्रश्न फुगण्याचा. सोडियम व्हॅनेडियम फॉस्फेटचं आकारमान चार्ज-डिस्चार्जमध्ये सुमारे ८ टक्के बदलतं. टिन पूर्ण सोडियम घेताना मूळ आकाराच्या पाचपट होतं. द्रव सेलमध्ये कणापासून सुटलेली जागा द्रव भरून काढतो, इथे सुटलेली जागा सुटलेलीच राहते.

कोणता कॅथोड घ्यावा

पहिलाच घन सेल बांधत असाल तर टायटॅनियम डायसल्फाइडने सुरुवात करा. तो स्वतः वीज वाहून नेतो, त्यामुळे कार्बनची गरज जवळपास नसते. ग्रॅमला २३९ मिलीअँपिअर-तास ही त्याची सैद्धांतिक क्षमता (टायटॅनियमच्या एका अणूमागे एक सोडियम धरून), आणि त्याचं काम सोडियम थायोफॉस्फेटला झेपेल अशा व्होल्टेजवर, साधारण १.५ ते २.२ च्या दरम्यान, चालतं. ऊर्जा कमी मिळते, पण तुमचा इलेक्ट्रोलाइट आणि दाबण्याची पद्धत ठीक आहे की नाही याचा स्वच्छ निकाल लागतो. हा सेल नीट चालल्याशिवाय ३ व्होल्टकडे जाण्यात अर्थ नाही, कारण बिघाड कशाचा हे कळणारच नाही.

सोडियम व्हॅनेडियम फॉस्फेट (ग्रॅमला ११७.६ मिलीअँपिअर-तास, ३.४ व्होल्ट) नॅसिकॉन इलेक्ट्रोलाइटच्याच स्फटिक कुटुंबातला असल्यामुळे ही जोडी कागदावर फार सुंदर दिसते. प्रत्यक्षात नॅसिकॉन कडक ऑक्साइड आहे. थंड दाबाने त्याचे कण एकमेकांना चिकटत नाहीत, आणि सिंटरिंगला (भाजून कण एकमेकांत जोडायला) १२०० °सेच्या आसपास तापमान लागतं. व्हॅनेडियम फॉस्फेट हवेत तापवला तर व्हॅनेडियमचं ऑक्सिडेशन होतं, म्हणजे दोन्ही एकत्र भाजायचे तर आर्गॉन आणि कमी तापमान हवं, आणि त्या तापमानाला नॅसिकॉन घट्ट होत नाही. अनेकदा सांध्यावर द्रव इलेक्ट्रोलाइटचे थेंब सोडून काम भागवलं जातं. ते चालतं, पण मग तो सेल पूर्ण घन राहत नाही आणि तसं स्पष्ट लिहायला हवं.

निकेल-मँगनीज-लोहाचे थरदार ऑक्साइड क्षमता जास्त देतात, पण हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड ओढून पृष्ठभागावर सोडियम हायड्रॉक्साइड आणि कार्बोनेटचा थर चढवतात. घन सेलमध्ये हा थर थेट आयनांच्या वाटेत येतो. प्रशियन व्हाइट या सोडियम-लोह-सायनाइडच्या कॅथोडच्या जाळीत पाणी अडकलेलं असतं. ते पूर्ण निघालं नाही तर सल्फाइडशेजारी ठेवणं म्हणजे आतूनच ओलावा देणं.

पुढची कृती सोडियम क्रोमाईटची आहे. ३ व्होल्टचा स्पष्ट टप्पा, आकारमानातला माफक बदल आणि बनवायला सोपा, यामुळे घन सेलसाठी तो मनापासून सुचवावा असा कॅथोड आहे.

सोडियम क्रोमाईट बनवणे

१० ग्रॅमसाठी क्रोमियम ऑक्साइड ७.१० ग्रॅम आणि कोरडा सोडियम कार्बोनेट ५.१० ग्रॅम घ्या. कार्बोनेट हिशेबाने ४.९५ ग्रॅमच लागतो. वरचे ३ टक्के भट्टीत उडून जाणाऱ्या सोडियमसाठी. यापेक्षा जास्त घालू नका, उरलेला कार्बोनेट कणांभोवती निरोधक थर बनून राहतो. दोन्ही पावडरी खलात किंवा मिलमध्ये एकजीव करा, गोळ्या दाबा आणि ॲल्युमिनाच्या बोटीत ठेवून वाहत्या आर्गॉनमध्ये ९०० °सेला ५ तास भाजा.

इथली सगळ्यात महत्त्वाची सूचना: आर्गॉन पूर्ण थंड होईपर्यंत चालू ठेवा. गरम असताना हवा शिरली तर क्रोमियम सहा-संयुजी होतो, म्हणजे सोडियम क्रोमेट तयार होतं. ते विषारी आणि कर्करोगकारक आहे. ओळखायचं कसं? नीट झालेली गोळी गडद हिरवी असते. कडेला किंवा बोटीच्या तळाशी पिवळी झाक दिसली तर शंका घ्या. चिमूटभर पावडर ओल्या गाळणकागदावर ठेवा. कागदावर पावडरीभोवती पिवळं कडं पसरलं तर क्रोमेट आहे. तो सगळा घाणा हातमोजे आणि मास्क घालून क्रोमियमच्या घातक कचऱ्यात टाका, धुऊन वाचवायच्या फंदात पडू नका. चांगला निघालेला माल भट्टीतून थेट ग्लोव्हबॉक्समध्ये न्या आणि तिथेच दळा. कण काही मायक्रॉनचे राहू द्या. फार बारीक केले तर तेवढा पृष्ठभाग झाकायला इलेक्ट्रोलाइट पुरत नाही.

सोडियम क्रोमाईटमधून सगळा सोडियम काढला तर ग्रॅमला २५० मिलीअँपिअर-तास मिळायला हवेत, पण निम्माच काढायचा. निम्म्यापुढे क्रोमियमचे अणू सोडियमच्या थरात सरकतात आणि परत जागेवर येत नाहीत. सोडियमच्या तुलनेत ३.६ व्होल्ट ही लक्ष्मणरेषा. तिच्या आत ११० ते १२० मिलीअँपिअर-तास मिळतात.

दोन इलेक्ट्रोलाइट

मधल्या थरासाठी सोडियम थायोफॉस्फेट: २ ग्रॅमला सोडियम सल्फाइड १.०२६ ग्रॅम आणि फॉस्फरस पेंटासल्फाइड ०.९७४ ग्रॅम. झिर्कोनियाच्या हवाबंद भांड्यात मिनिटाला ५०० फेऱ्यांच्या आसपास २० तास दळा, मधे मधे भांडं थंड होऊ द्या. मग बंद नळीत २७० °सेला २ तास तापवा, त्याने वाहक घनीय रूप येतं. सोडियम सल्फाइडची शुद्धता इथे सगळं ठरवते. नऊ रेणू पाणी असलेलं स्वस्त सल्फाइड सुकवून वापरलं तर हायड्रॉक्साइड उरतो आणि वाहकता पार कोसळते. निर्जल सल्फाइडच घ्या.

कॅथोडसाठी सोडियम झिर्कोनियम क्लोराईड: २ ग्रॅमला निर्वातात २०० °सेला सुकवलेलं मीठ (सोडियम क्लोराईड) ०.६६८ ग्रॅम आणि झिर्कोनियम टेट्राक्लोराईड १.३३२ ग्रॅम. त्याच पद्धतीने १० ते २० तास दळा. वाहकता ०.०२ मिलीसीमेन्स प्रति सेंमीच्या आसपास येते. सवयीने याला भट्टीत घालू नका. इथे स्फटिक सुधारला की वाहकता घसरते, दळून आलेली विस्कळीत रचनाच हवी असते. टेट्राक्लोराईडची बाटली बाहेर उघडली तर पांढरा धूर दिसेल, तो हायड्रोजन क्लोराईड.

कॅथोडचं मिश्रण

वजनाने ४० भाग सोडियम क्रोमाईट, ५७ भाग क्लोराईड आणि ३ भाग कार्बन फायबर. इलेक्ट्रोलाइट इतका का, असं वाटेल. क्रोमाईटची घनता ४.३५ ग्रॅम प्रति घन सेंमी आहे, घन इलेक्ट्रोलाइट त्याच्या मानाने हलके. वजनाचे आकडे फसवतात, आयनांची वाट आकारमानावर ठरते. उदाहरण म्हणून २.२ घनतेचा सल्फाइड धरा: ६०:३७:३ असं वजनाचं मिश्रण आकारमानाने जवळपास ४३:५२:५ होतं. त्यात क्लोराईडची वाहकता सल्फाइडच्या दहाव्या भागाइतकीच, म्हणून इथे आणखी मोकळा हात लागतो. सेल स्थिर चालू लागला की क्रोमाईट ५० भागांपर्यंत हळूहळू वाढवून पाहा. प्रत्येक पायरीला क्षमता मोजा, ती गळायला लागली की एक पायरी मागे या.

कार्बनमध्ये वाफेतून वाढवलेले फायबर घ्या, कार्बन ब्लॅक टाळा. ब्लॅकचा पृष्ठभाग प्रचंड असतो आणि प्रत्येक चौरस नॅनोमीटरवर इलेक्ट्रोलाइट जळायला जागा मिळते. लांब फायबर थोड्या वजनात दूरवर वीज नेतात. वापरण्याआधी निर्वातात १५० °सेला रात्रभर सुकवा, कोरडा दिसणारा कार्बनही पाणी धरून असतो.

अगेटच्या खलात आधी क्रोमाईट आणि क्लोराईड १५ मिनिटं घोटा. फायबर शेवटी घाला आणि आणखी १० मिनिटं हलक्या हाताने मिसळा. जोर लावला तर फायबर तुटतात. मिश्रण सगळीकडे एकाच राखट-हिरव्या रंगाचं दिसलं पाहिजे. खलाच्या भिंतीला काळे ठिपके दिसत असतील तर ते फायबरचे गोळे आहेत, खरवडून पुन्हा मिसळा. हे मिश्रण बॉल मिलमध्ये घालू नका.

ॲनोड

सोडियम धातूची क्षमता ग्रॅमला ११६६ मिलीअँपिअर-तास, पण तो सोडियम थायोफॉस्फेटला टेकला की सोडियम सल्फाइड आणि सोडियम फॉस्फाइड तयार होतात. फॉस्फाइड इलेक्ट्रॉनही वाहून नेतो, त्यामुळे ही झीज आपोआप थांबत नाही. दुसरं म्हणजे डिस्चार्जमध्ये धातू निघून जाताना सांध्यावर पोकळ्या पडतात. उरलेल्या थोड्या जागेत प्रवाह एकवटतो आणि पुढच्या चार्जला तिथूनच सुया आत घुसतात. हार्ड कार्बनची बरीच क्षमता शून्य व्होल्टजवळ असल्यामुळे सल्फाइडसोबत तीच क्षपणाची अडचण येते. ग्राफाइट तर सोडियम जवळपास घेतच नाही.

म्हणून टिनच्या एका अणूमागे सोडियमचे दोन अणू असलेला मिश्रधातू. २ ग्रॅमला सोडियम ०.५५८ आणि टिनची पावडर १.४४२ ग्रॅम. सोडियमवरचं तेल कोरड्या हेक्झेनने धुवा, सुरीने बाहेरची करडी साल काढा आणि चकाकणाऱ्या गाभ्याचंच वजन करा. बारीक तुकडे टिनमध्ये थोडे थोडे घालत खलात चेपा. उष्णता निघते, घाई करू नका. आधी लगदा होतो, मग तो ठिसूळ होऊन चुरा पडतो. चुरा झाल्यावरच मिलमध्ये कमी वेगाने दोनेक तास फिरवा. तुकडे तसेच मिलमध्ये टाकले तर सोडियम भांड्याच्या भिंतीला लिंपला जातो आणि प्रमाण बिघडतं.

या मिश्रधातूत अजून १.७५ सोडियम मावतो, म्हणजे ग्रॅमला २८५ मिलीअँपिअर-तासांची मोकळी जागा. १२ मिग्रॅ कॅथोड मिश्रणात ४.८ मिग्रॅ क्रोमाईट, म्हणजे ०.५५ मिलीअँपिअर-तास. त्यासमोर ३० मिग्रॅ मिश्रधातूत ८.५ मिलीअँपिअर-तासांची जागा आहे. पंधरापट ॲनोड व्यावसायिक सेलला परवडणार नाही, पण चाचणीत तो मुद्दाम हवा. जागेचा ६-७ टक्केच भाग वापरला जातो, त्यामुळे ॲनोड फुगत नाही आणि त्याचं व्होल्टेज हलत नाही. दिसेल ते कॅथोडचंच वागणं.

दाबणे

१० मिमी भोकाची पीक (PEEK) या प्लॅस्टिकची नळी आणि टायटॅनियमचे प्लंजर घ्या. तांबं वापरू नका, सल्फाइड त्याला खातो.

१. नळीत ८० मिग्रॅ थायोफॉस्फेट घाला, नळी टकटक करून सपाट करा आणि १०० मेगापास्कलला (सुमारे ०.८ टन) दाबा.

२. वरचा प्लंजर काढून १२ मिग्रॅ कॅथोड मिश्रण घाला. प्लंजर नुसता टेकवून दोन-तीनदा गोल फिरवा, म्हणजे पावडर कडेपर्यंत सारखी पसरते. मग ३७० मेगापास्कल (३ टन), ३ मिनिटं.

३. नळी उलटी करून दुसऱ्या बाजूला ३० मिग्रॅ मिश्रधातू घाला. इथे १५० मेगापास्कलच (१.२ टन). सोडियमचा मिश्रधातू मऊ असतो. पुन्हा ३ टन दिले तर तो पेलेटच्या (दाबलेल्या चकतीच्या) बारीक भेगांत आणि भिंतीलगत शिरतो आणि सेल जन्मतःच शॉर्ट होतो.

४. बोल्टच्या चौकटीत ५० मेगापास्कलच्या आसपास कायम दाब ठेवा. शक्य असेल तर लोड सेल (दाब मोजणारं साधन) लावा. पान्याच्या अंदाजावर दोन सेलची तुलना करता येत नाही.

दाब हळूहळू सोडा. झटक्यात सोडलेला पेलेट आडवा चिरतो. चीर डोळ्याला दिसत नाही, इम्पिडन्सला दिसते.

चाचणी

मधला थर सुमारे अर्धा मिमी जाड होतो. वाहकता ०.१ मिलीसीमेन्स धरली तर त्याचा रोध ६५० ओहम येतो, ०.२ धरली तर निम्मा. मोजमाप याच्या आसपास असेल तर पुढे जा. काही हजार ओहम आले तर चीर पडली आहे किंवा इलेक्ट्रोलाइट खराब आहे, दहा-वीस ओहम आले तर शॉर्ट. उघड्या सर्किटचं व्होल्टेज तासभर पाहा. ते घसरत शून्याकडे चाललं असेल तर सेल चार्जला लावण्यात हशील नाही.

टिनचा मिश्रधातू सोडियमपेक्षा ०.१ ते ०.२ व्होल्ट वर असतो, म्हणून वरची मर्यादा ३.४ आणि खालची १.८ व्होल्ट ठेवा. प्रवाह ५५ मायक्रोअँपिअर, म्हणजे दहा तासांत एक चार्ज. या प्रवाहाला मधल्या थरात ३६ मिलिव्होल्ट खर्च होतात, एका तासात चार्ज करायला गेलात तर ३६० मिलिव्होल्ट. जोरात चार्ज केल्यावर क्षमता कमी दिसली तर आधी हा हिशेब करा, कॅथोडला दोष नंतर द्या. तापमान ४० °सेला स्थिर ठेवलं तर दिवस-रात्रीचे चढउतार आलेखात येत नाहीत.

आलेख काय सांगतो

चार्जची रेषा २.७-२.८ व्होल्टच्या टप्प्यावर यायच्या आधीच बराच वेळ तिरकी चढत राहिली, आणि ती क्षमता डिस्चार्जला परत आली नाही, तर सल्फाइड जळतोय. कॅथोडचा कार्बन मधल्या थरात मिसळला गेला असेल, किंवा क्लोराईडचं मिश्रण करताना खलात जुना सल्फाइड राहिला असेल. खल वेगवेगळे ठेवा.

टप्पा जागेवर पण क्षमता ६०-७० मिलीअँपिअर-तासांवरच थांबली, तर काही कण एकटे पडलेत. प्रवाह निम्मा करून पाहा. क्षमता वाढली तर आयनांची वाट अरुंद आहे, क्लोराईड वाढवा किंवा कॅथोड पातळ करा. अजिबात वाढली नाही तर त्या कणांना वीज पोचत नाही, मिश्रण पुन्हा नीट करा.

चार्ज वरची मर्यादा गाठतच नाही आणि व्होल्टेज करवतीसारखं थरथरतं, तर आत सूक्ष्म शॉर्ट आहे. ॲनोडला दिलेला दाब तपासा, आणि मिश्रधातूत न मिसळलेला सोडियम राहिला नाही ना ते बघा. चुऱ्यात चमकदार मऊ ठिपके दिसले तर तोच.

पहिले काही सायकल ठीक आणि मग रोध सारखा वाढत गेला, तर चौकटीचा दाब आधी मोजा. बोल्ट सैल होतात, प्लॅस्टिकची नळी ताणते. दाब परत आणल्यावर क्षमता परत आली तर कण सुटले होते. नाही आली तर सांध्यावर थर वाढलाय.

सेल उघडायचा तो ग्लोव्हबॉक्समध्येच. मिश्रधातूचा चुरा फ्यूम हूडमध्ये, ठिणगी आणि ज्वाळेपासून दूर, कोरड्या आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये चिमटीने थोडा थोडा सोडा. बुडबुडे हायड्रोजनचे असतात, ते थांबल्याशिवाय पुढची चिमूट नाही आणि भांड्याला झाकण नाही. सल्फाइडचे तुकडे वेगळ्या हवाबंद डब्यात घातक कचऱ्याकडे द्या. क्लोराईड इलेक्ट्रोलाइटचा कचरा त्यात कधीच टाकू नका: ओलावा लागला की क्लोराईडमधून आम्ल सुटतं आणि आम्ल सल्फाइडमधून हायड्रोजन सल्फाइड काढतं.